माझ्याशिवाय ओसरी चालवून दाखवा

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी साडेसहा.

काल माझा अपमान झाला. भरसभेत. तारीख, वार, वेळ लिहून ठेवतोय, कारण बदला घेताना तपशील लागतात.

काल जागतिक एड्स दिन. चिंचवडला हॉल घेऊन आमच्या 'ओसरी' संस्थेचा कार्यक्रम. ओसरी म्हणजे थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. तिथे आमच्यासारखे येतात. कोणी गे, कोणी तृतीयपंथी, कोणी एचआयव्हीवाले, कोणी दोन-दोन विषय घेतलेले. मी दोन विषयवाला. एचआयव्हीच्या गोळ्यांना चौदा वर्षं झाली. दुसरा विषय गावी परभणीकडे 'चिमाजीची पत्रिकाच जुळत नाही' या नावाने अजून चालू आहे. वय अठ्ठेचाळीस.

अकरा वर्षं मी ओसरीचा कणा. (असं कोणी म्हटलेलं नाही. पण कणा बाहेरून दिसत नसतोच.)

एकोणीस पानांचं भाषण लिहिलं होतं. आमच्या अध्यक्ष दीपमालाताई, स्वतः तृतीयपंथी, मूळ लातूरच्या, आवाज असा की माइकची गरज नाही. त्या म्हणाल्या, चिमाभाऊ, दोन मिनिटं. मी म्हटलं, बघू. सूत्रसंचालन दिलं गणराजकडे. वय सव्वीस, हिंजवडीत सॉफ्टवेअर, ओसरीत येऊन आठ महिने. त्याने माझं नाव पुकारलंच नाही. 'वेळेअभावी' असा शब्द वापरला. शिवाय स्टेजवरून खाली येऊन म्हणतो, सर, बाहेर गाड्या आडव्या लागल्यात, जरा बघता का?

बघितल्या. एकतीस टू-व्हीलर सरळ लावल्या. बत्तिसावी त्याची होती. ती होती त्याहून आडवी केली.

संकल्प: सहा महिन्यांत ओसरी माझ्या पाया पडली पाहिजे.

३ डिसेंबर, मंगळवार.

सकाळी ९.१० ला ओसरीचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. न सांगता. खळबळ अपेक्षित.

११.०० – खळबळ नाही. लोक धक्क्यात असावेत.

१.०० – कॅन्टीनमध्ये रंभाताईला खुणेने विचारलं. रंभाताई आमच्या चाकणच्या कंपनीत कॅन्टीनला पोळ्या करते. तीही ओसरीची, तीही पॉझिटिव्ह. कंपनीत आम्ही एकमेकांना फक्त 'अजून एक वाढा' इतकंच ओळखतो. तिने पदराआड मोबाइल दाखवला. ग्रुपवर माझ्या 'लेफ्ट'च्या खाली गुलाबाच्या फुलासकट गुड मॉर्निंग. त्याच्याखाली गणराजचा अंगठा.

अंगठा कशाला दिला? फुलाला की माझ्या जाण्याला? हे शोधून काढणार.

७ डिसेंबर, शनिवार.

नवी संस्था स्थापन. 'अखिल पिंपरी-चिंचवड-चाकण समता व स्वाभिमान महासंघ'. अध्यक्ष मी. सचिव तूर्त मी. ओसरी रिकामी करून सगळे सभासद इकडे आणायचे. मग दीपमालाताई एकटी बसेल आणि गणराज तिच्यापुढे सूत्रसंचालन करेल.

शिक्का करायला टाकला होता, आज मिळाला. दुकानदार म्हणाला, काका, एवढं नाव गोलात बसत नाही. शिक्क्यावर आलंय 'अखिल पिंपरी-चिंचवड-चाकण सम'. हरकत नाही. शाई चांगली आहे.

१५ डिसेंबर, रविवार. सकाळी दहा.

महासंघाची पहिली जाहीर सभा. पिंपळे सौदागरच्या बागेत, सकाळी सात. मुद्दाम थेरगावच्या बाहेर, शत्रूला सुगावा लागू नये म्हणून. सतरा जणांना निरोप दिले होते.

हजर: मी. रंभाताई (मेथी निवडत).

मी भाषण सुरू केलं. तिसऱ्या पानावर मागून प्रचंड हशा. वळून बघतो तर हास्यक्लब. पंधरा-वीस म्हातारे हात वर करून हसताहेत. त्यांची रोजची जागा. 'माझ्यासारख्या कार्यकर्त्याला गाड्या लावायला सांगितल्या' या वाक्याला तर दोन्ही हात वर आणि टाळ्या.

रंभाताई म्हणाली, भाऊ, माणसं तर जमली की. मला वाटतं ती हे मनापासून बोलली.

सभेने ओसरीचा निषेध केला. ठराव बहुमताने मंजूर. रंभाताई तटस्थ.

१८ डिसेंबर, बुधवार.

आता मुळावर घाव. ओसरीच्या खोल्या आणि खालची गिरणी यशोदाबाईंची. थेरगावातलं जुनं घराणं, वय पंच्याहत्तर, कपाळावर आडवं कुंकू होतं ती जागा आता कोरी. अशा बाईला आपल्या माडीवर कोण येतं-जातं याची कल्पना असणं शक्य नाही. कळलं की आठ दिवसांत खोल्या खाली.

निनावी पत्र लिहिलं. डाव्या हाताने, अक्षर ओळखू नये म्हणून. 'तुमच्या माडीवर कोणत्या प्रकारचे लोक जमतात, त्यांना कोणता आजार आहे, याची आपणास माहिती आहे काय? वेळीच सावध व्हा. – एक जागरूक नागरिक.' नाव कोणाचंही घेतलेलं नाही. कोण पॉझिटिव्ह आहे हे बाहेर सांगायचं नसतं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

गिरणीच्या फळीखालून सरकवलं. दोनदा अडकलं. हात डावा असल्यामुळे.

२२ डिसेंबर, रविवार. दुपार.

पत्राचा काय परिणाम झाला ते बघायला ज्वारीचं दळण घेऊन गेलो. म्हणजे संशय नको.

यशोदाबाईंनी लांबूनच हाक मारली. "चिमाजी, हिकडं ये बाबा. तुला वाचाया येतंय न्हवं? ही चिठ्ठी आलीया चार दिस झालं. माझा चष्मा बी चालंना आन् अक्षार बी कोंबडीनं काढल्यावानी."

माझंच पत्र. माझ्या हातात. म्हणाल्या, मोठ्यानं वाच, गिरणी बंद करते.

वाचलं. एक शब्द लागत नाही असं सांगून बघितलं. पण तो शब्द कोणता असेल ते मीच पटकन बोलून गेलो.

यशोदाबाईंनी पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट दाबून बसवलं. मला वाटलं, लागू पडलं. मग म्हणाल्या, "ह्यो कोन मला सांगनार? मला म्हाईत न्हाई व्हय कोन येतं ते?"

आणि सांगायला लागल्या. त्यांचा थोरला रोहिदास ट्रकवर होता. वीस वर्षांमागे ह्याच आजाराने गेला. तेव्हा गावात एवढ्या गोळ्याही नव्हत्या आणि एवढी अक्कलही नव्हती. प्रेत घरी आणलं तर भाऊबंद अंगणाच्या बाहेर उभे. अंघोळ कोणी घालेना. "आन् मग ती आली. ही दीपमाला. पंचवीस वर्साची आसंल. दवाखान्यात त्याच्या वळखीची झालेली. तिला कुनी सांगावा धाडला न्हवता. आली, पदर खोचला आन् माझ्या लेकाला न्हाऊ घातलं. मी पानी वतलं. त्या दिशी मी म्हनलं, माझ्या माडीवर तुझं काय आसंल ते तुझं."

मला हे अकरा वर्षांत माहीत नव्हतं. दीपमालाताई कधी बोलल्या नाहीत. मोठेपणा मिरवायची ही एक वेगळीच पद्धत असते.

मग यशोदाबाईंना उत्तर लिहायचं होतं. पत्ता नाही म्हणून दारावर चिकटवायचं ठरलं. लिहिणार कोण? मी. त्या सांगत गेल्या. मी शुद्ध भाषेत घेत होतो तर म्हणाल्या, मी बोलते तसंच लिव्ह. तर असं:

'चिठ्ठी लिव्हनाऱ्याला सांगनं. माडी माझी हाय. तुला काय दुखत-खुपत आसंल तर जिना डाव्या अंगाला हाय. वर जाऊन सांग. च्या मिळंल. यशोदाबाई.'

उजव्या हाताने, सुवाच्य अक्षरात. खळ लावून मीच चिकटवलं. डोळ्यांत पाणी आलं. गिरणीत पीठ फार उडतं.

पत्र कोणी लिहिलं असेल, असं विचारल्यावर मी समोरच्या टायरवाल्यावर संशय व्यक्त केला. मग तोही मागे घेतला. तो बिचारा मारवाडातून आलेला, त्याला मराठी लिहिता येत नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार.

गुरुवार आमच्या कंपनीची सुट्टी. आज गोळ्या आणायची तारीख. सरकारी दवाखान्यातल्या एआरटी सेंटरमधून आमच्या गोळ्या मिळतात. रोज रात्री जेवणावर एक. पोचलो तर मदतकक्षाच्या टेबलावर ओसरीतर्फे कोण बसलंय? गणराज. गळ्यात कार्ड, चेहऱ्यावर हसू. लोकांना रांग दाखवतोय. दर गुरुवारी बसणार म्हणे, त्या दिवशी त्याचं वर्क फ्रॉम होम.

गेटवरूनच मागे फिरलो. शत्रूने दाखवलेल्या रांगेत मी उभा राहणार नाही. डबीत अजून पाच गोळ्या आहेत.

३० डिसेंबर, सोमवार.

शेवटची घेतली. गुरुवारी जाईन. गणराजला तोपर्यंत कंटाळा येईल. ही नवी पोरं टिकत नाहीत.

२ जानेवारी, गुरुवार.

टिकलाय. शिवाय स्वेटर नवा.

परत आलो. दोन दिवस गोळीशिवाय गेले, काहीही झालं नाही. उलट हलकं वाटतंय. चौदा वर्षं घेतल्यावर शरीराला एव्हाना पाठ झालं असेल. आणि झालंच काही, तर जबाबदार गणराज. हे इथे लिहून ठेवतो, तारखेसह. माझ्यामागे ही वही सापडेल तेव्हा त्याला कळेल 'वेळेअभावी' म्हणजे काय.

४ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी सात.

विजय! दीपमालाताईंचा मिस्ड कॉल. मी उचलला नाही.

५ जानेवारी, रविवार.

आणखी दोन. एक ओसरीच्या लँडलाइनवरून. माझ्याशिवाय चालत नाहीये. चालवून दाखवा म्हणावं.

८ जानेवारी, बुधवार.

एकूण सात. फोन वाजला की मी तो उशीवर ठेवतो आणि बघत बसतो. असं समाधान बऱ्याच वर्षांत नाही.

संध्याकाळी खुद्द गणराज गल्लीत आला. बाइकवरून. खिडकीतून बघितलं आणि मोरीत जाऊन बसलो. पाऊण तास. शेजारच्या गोजाबाईंनी त्याला विचारलं, कोण पायजे? तर म्हणाला, कुरिअर आहे, सही लागेल, नंतर येतो. संस्थेचं नावही काढलं नाही. गोजाबाईंनी मला हे सांगितलं आणि वर म्हणाल्या, पोरगं गुणाचं हाय. लोकांना माणसांची पारख राहिलेली नाही.

मोरीत गारठलो. खोकला लागलाय.

१० जानेवारी, शुक्रवार.

ताप. कंपनीत गेलो नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा सिक लीव्ह. व्हायरल असणार, सगळीकडे आहे.

शिफ्ट सुटल्यावर रंभाताई ज्वारीची पेज घेऊन आली. बाहेरची बाई खोलीवर आली म्हणून गोजाबाई दोनदा डोकावून गेल्या. रंभाताईने विचारलं, गोळी चालू हाय ना? मी म्हटलं, अर्थात. ती उठली आणि कपाटावरची डबी हलवून बघितली. आवाज आला नाही.

माझी पेज खाऊन होईपर्यंत ती बसली. मग म्हणाली, "आमच्या मालकांनीबी अशाच सोडल्या होत्या, भाऊ. डॉक्टर तोडून बोलला म्हणून. म्हणले, आता त्याच्या दारात पाय ठेवणार नाही. ठेवला नाही. आठ महिन्यांत गेले. डॉक्टरची त्याच्याआधीच बदली झाली होती. त्याला कळलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, माझी केस वेगळी आहे. यात तत्त्वाचा प्रश्न आहे.

ती म्हणाली, "असंल." आणि वाटी विसळून ठेवून गेली.

मालकांची केस खरंच वेगळी होती. त्यांना महासंघ नव्हता.

१२ जानेवारी, रविवार.

नीट विचार केला. शत्रू नऊ फोन करून थकलाय, दाराशी येऊन गेलाय. अशा वेळी जास्त ताणू नये. उद्या जाऊन शरणागती स्वीकारणार. अटी:

माइकवरून माफी, ती गणराजने मागायची. कार्याध्यक्षपद. एकोणीस पानं, अखंड. गाड्या यापुढे ज्याच्या त्याने लावायच्या.

शर्टाला इस्त्री केली. अर्धी झाल्यावर दम लागला, म्हणून फक्त पुढची बाजू.

१३ जानेवारी, सोमवार. संध्याकाळ.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

जिना चढायला तीन वेळा थांबलो. वर दीपमालाताई तिळगुळाच्या पुड्या बांधत होत्या. उद्या संक्रांत. मला बघून म्हणाल्या, "आलात? बसा. किती दिवस चुकले?"

मी उभ्यानेच म्हटलं, ताई, तुमचे नऊ फोन मला मिळाले. माझ्या काही अटी आहेत.

त्यांनी टेबलावरची यादी पुढे ओढली. ज्यांची गोळ्यांची तारीख चुकली त्यांची यादी दर आठवड्याला सेंटरमधून ओसरीकडे येते. या महिन्यात तेवीस जण. माझं नाव सतरावं. माझ्यापुढे पेन्सिलीने नऊ रेघा. अठराव्याच्या पुढे अकरा.

म्हणजे फोन सगळ्यांनाच.

मी म्हटलं, पण मी ग्रुप सोडला, राजीनामा...

ताई म्हणाल्या, "तुम्ही ग्रुप सोडला होता? कधी?"

खरंच विचारत होत्या. मी चेहरा नीट बघितला. बेचाळीस दिवस मी यांच्याविरुद्ध युद्ध लढतोय आणि यांना वाटलं चिमाभाऊ सेकंड शिफ्टला आहेत. मी महासंघाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं केलंत, कामं खूप आहेत, दोन संस्था झाल्या तर बरंच. मग माझ्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. अकरा वर्षांत मी तो आवाज खालच्या पट्टीत ऐकला नव्हता.

"गण्या, गाडी काढ."

गणराजच्या बाइकवर मागे बसून गेलो. त्याने मला स्वतःचा स्वेटर घातला. मी विरोध केला, पण दात वाजत असल्यामुळे तो नीट मांडता आला नाही. वाटेत म्हणाला, "सर, पाचच फोन झाल्यावर मी निघणार होतो. तुम्ही कधी चुकवत नाही ना, म्हणून. ताई म्हणाल्या, नियमाने सात होऊ देत. चिडलो मी त्यांच्यावर."

त्या दिवशी नाव का नाही पुकारलंस, असं मी सिग्नलला विचारलं. त्याला आठवेना. मग आठवलं. म्हणाला, "सॉरी सर, पान उलटताना दोन पानं एकदम उलटली. मग वाटलं, आता मध्येच कसं घ्यायचं, तुम्हाला राग येईल."

एवढंच.

सेंटरमधल्या मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तेरा दिवस, असं लिहिलं. रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला, टीबी बघायला थुंकी घेतली. का चुकले, असा एक रकाना असतो. मॅडमनी विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, कामाचा व्याप.

१७ जानेवारी, शुक्रवार.

टीबी नाही. छातीत कफ. मधले तीन दिवस रिपोर्ट येईपर्यंत मी कोणाचाही सूड घेतला नाही. सुचलंच नाही.

२८ जानेवारी, मंगळवार.

व्हायरल लोडचा रिपोर्ट. किती तरी वर्षं माझ्या रक्तात विषाणू 'सापडत नाही' असं यायचं. मी ते कागद फाइलला लावून ठेवायचो, शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखे. यंदा आकडा आहे. चार अंकी. मॅडम म्हणाल्या, नियमित घ्या, बहुतेक खाली येईल, तीन महिन्यांनी परत बघू. मी विचारलं, बहुतेक म्हणजे? त्या म्हणाल्या, बहुतेक म्हणजे बहुतेक.

कागद फाइलला लावला.

३० जानेवारी, गुरुवार.

यशोदाबाईंना सगळं सांगून टाकायला गेलो. गिरणी चालू होती. मी स्पष्ट म्हणालो, ते पत्र मी लिहिलं होतं, चुकलो. त्या ओरडल्या, "आं? किती किलो?"

मी म्हटलं, पाच.

सांगितलं आहे. नोंद असावी.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

गणराजच्या कंपनीने गुरुवारचं वर्क फ्रॉम होम बंद केलं. ताईंनी मदतकक्षाचं टेबल मला दिलं. मी म्हटलं, विचार करतो. तोपर्यंत त्यांनी गळ्यात कार्ड घातलं होतं. शिवाय तारीख चुकलेल्यांना फोन करायची यादी. यादीत हिंजवडीजवळच्या माण गावचे उद्धवराव, वय त्रेसष्ट, चार महिने बेपत्ता. त्यांना आधी गणराज फोन करायचा; एकदाच उचलला, नाव ऐकून ठेवून दिला. आता माझ्याकडे.

अखेर योग्य माणसाकडे योग्य काम. आठ दिवसांत उद्धवरावांना आणतो. गणराजला कळू दे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

आठ दिवस, आठ फोन. पाच वेळा कट. दोनदा शिव्या. आज एकदाचे बोलले. आयटी पार्कच्या रस्त्यात गेलेल्या जमिनीवरून थोरल्या लेकाशी भांडण. म्हणाले, "मी मेलो म्हंजी कळंल त्येला." चाळीस मिनिटं ऐकत होतो. मध्ये बोलायला जागाच दिली नाही. एका अनुभवी वक्त्याला असं गप्प बसवणं शोभत नाही. शेवटी म्हटलं, लेकाला कळणार नाही हो, उद्धवराव. कोणालाच कळत नाही. मी करून बघितलंय.

त्यांनी फोन ठेवला.

१४ ते २४ फेब्रुवारी.

रोज एक फोन. जेवलात का, खोकला आहे का, गुरुवारी या. उत्तर: हूं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी तीन.

उद्धवराव आले.

साडेअकराला. पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी, भिंतीला धरून. मी लांबूनच ओळखलं. रांग दाखवली, खुर्ची दिली, मॅडमकडे आत नेलं, वजनाच्या काट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो. रक्त दिलं, गोळ्या घेतल्या. बाहेर येऊन माझ्या टेबलाजवळ टेकले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरले होते. मी खुर्ची मागे सरकवून उभा राहिलो. आसपास ऐकायला सात-आठ जण होते, दीपमालाताईही नेमक्या आल्या होत्या.

उद्धवराव म्हणाले, "रोज फोन केलास बाबा. पोटच्या पोरानं न्हाई केला. तुझं लई उपकार झालं, गणराज."

मी तोंड उघडलं. मग त्यांच्या मनगटाकडे लक्ष गेलं. घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं.

म्हणालो, हो, मीच. पुढची तारीख सत्तावीस मार्च. चुकवू नका.